कंबरेची आणेवारी

रविवार, ता. २० फेब्रुवारी १९३८. नंदुरबार

कंबर सहा आणे. सकाळी कासोटा खोचताना चमक भरली ती दिवसभर तशीच. सौ.ने एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधली. थोडा उतार, पण उठबस म्हणजे शिक्षाच.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हाडात काही नाही, हा खुर्चीचा आजार आहे. प्रांत कचेरीत बारा वर्षं मान खाली घालून बसलात, आता उन्हं चढायच्या आत रोज उघड्यावर घाम काढा. औषध दिलं नाही. फुकट गेल्यासारखं वाटलं.

पिकाची आणेवारी लावतो तशी आता कंबरेची लावायची ठरवली. सोळा आणे म्हणजे धडधाकट. पाहू कधी भरतात.

संध्याकाळी आबा लोणखेड्याहून आले. वडिलांना मी कळवलं नव्हतं, सौ.ने कुणाकडून तरी निरोप धाडलेला. मला न विचारता. शेत माझ्या धाकट्या भावावर सोपवून आले, खांद्यावर टिकाव, कमरेला विळा, फडक्यात बियाणं. सत्तरीचा माणूस. पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आधी मागचं दार उघडून परसू पाहिलं.

"दामू, येवढी जागा पडेल शे ना. बाग करू. तुन्ही पाठ माटीमां सुधरी."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं.

बुधवार, ता. २३ फेब्रु.

कंबर सहा आणे. परसात पहाटेपासून तिघांचं काम. आबा टिकाव मारतात, सौ. ढेकळं फोडते, सुमती दगड वेचून कुंपणाला लावते. पोर बारा वर्षांची, पण आबांच्या मागं अशी फिरते की शाळेला उशीर झाला.

मी टिकाव हातात घेतला. चौथ्या घावाला कळ. खाली बसलो. आबा म्हणाले, "तू कंबरम्हाईन वाकस. पायम्हाईन वाक." लहानपणी मला असंच शिकवायचे ते आठवलं आणि राग आला. चाळिशीच्या माणसाला वाकायला शिकवतात, कंबरेतून नको, पायांतून. कचेरीची वेळ झाली म्हणून उठलो. झाली नव्हती.

रवि., ता. २७ फेब्रु.

मोठी गोष्ट. प्रांतसाहेबांनी बोलावलं. त्यांच्याबरोबर गोल्फ खेळणारे रेल्वेचे इंजिनियर बदलून गेले. कॅम्पापलीकडच्या माळावर साहेबांनी पाच खड्डे करून घेतलेत, प्रत्येकाभोवती वाळूचं गोल रिंगण. विलायतेत तिथं हिरवळ असते म्हणे. इथं वाळू.

"पाटील, तुम्ही खेळाल काय?"

साहेब तरुण, मराठीची परीक्षा पास झालेले, आणि आमच्याशी मराठीच बोलायचं असा त्यांचा हट्ट. पुस्तकातलं, जपून जपून. मी कंबरेचं काही बोललो नाही. कोण बोलेल? कचेरीत अठरा माणसं, त्यातून मला विचारलं. अव्वल कारकुनाची जागा पावसाळ्यात रिकामी होते आहे, हेही मनात आलंच.

चालता चालता साहेबांनी विचारलं, वडील काय करतात. म्हटलं, "जमीनदार आहेत, साहेब. लोणखेड्याला. घोडं आहे."

जमीन आहे हे खरं. घोडं सुमतीच्या जन्माच्या साली मेलं. आणि जमीनदार म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं ते आबा नव्हेत हे मला कळत होतं. राहू दिलं तसंच.

बुध., ता. २ मार्च

कंबर चार आणे. आजवरची सर्वांत वाईट. दोन दिवस गोल्फ. चेंडू तिथंच, मी मात्र अर्धा फिरून आडवा. सुपडू पट्टेवाला काठ्यांची पिशवी धरून उभा असतो, त्याला हसू आवरत नाही. तो आमच्याच भागातला, शहाद्याकडचा.

घरी सांगितलं की कचेरीत दप्तरं हलवली म्हणून दुखतंय. टिकाव माफ झाला. सौ.ने पुन्हा एरंडाची पानं बांधली. आबांनी माझ्या वाटणीचा वाफा खणला.

रवि., ता. ६ मार्च

पकडला गेलो. सुपडूची बायको आणि सौ. एकाच विहिरीवर जातात, मग काय राहणार.

जेवताना सौ. भाकरी वाढता वाढता, पदर सावरून, आबांना ऐकू जाईल असं: "साहेबना मैदानवर तुम्हनी कंबर बरी ऱ्हास. वाफा देखा का धरी लेस."

सुमती फसकन हसली. आबाही हसले. मीच हसलो नाही. मग आबांनी विचारलं, कसला खेळ, दाखव. मी छत्री उलटी धरून दाखवलं. त्यांनी दोनदा करायला लावलं. हसणं थांबवून, बैल पारखायला उभे राहतात तसे बाजूला उभे राहून पाहिलं.

"हाई ते टिकावनं काम शे. पाय रोव. गुडघा ढिला सोड. कंबरले फिरू दे, तिन्हावर वझं टाकू नको. आनि हातले जोर दिऊ नको, टिकाव आपला वझावर पडस तसा पडू दे."

परसात नेलं. तासभर छत्री आणि टिकाव, छत्री आणि टिकाव. तेवढ्यात माझ्याकडून एक अख्खा वाफा खणून झाला. आबांनी मुद्दाम केलं असणार.

कंबर आठ आणे.

गुरु., ता. १० मार्च

दहा आणे. बारा लिहायचा मोह होतो, पण आणेवारी खरी लावायची.

आज चेंडू उडाला. पळसाच्या दोन झाडांवरून, लाल फुलांवरून, सरळ. चमक नाही. मला स्वतःला विश्वास बसेना, कंबरेला हात लावून पाहिला.

साहेब थांबून बघत राहिले. "फार उत्तम. हे कोणी शिकवले?"

"आपणच शिकवलंत, साहेब."

तोंडातून निघून गेलं. सुपडू पिशवीचा पट्टा नीट करू लागला.

बुध., ता. १६ मार्च

धुळवड. काल रात्री होळी. सुट्टी. सकाळी सगळे परसात. मेथी बोटभर, गिलक्याचे वेल काठीला लागले, वांग्याची रोपं आज लावली. आबांनी विहिरीपासून पाट असा काढलाय की आंघोळीचं पाणीसुद्धा वाफ्यात जातं. सुमतीला मोगऱ्याचं एक रोप दिलंय, तिच्या एकटीचं.

मी दोन तास वाकलो, पायांतून. काही झालं नाही. असं घरच्यांबरोबर मातीत बसून कधी काम केलं होतं, आठवेना. मॅट्रिक व्हायच्या आधी. त्यानंतर आबांनी मला शेतात येऊ दिलं नाही, हात खराब होतील म्हणून.

कंबर बारा आणे.

रवि., ता. २० मार्च

लिहायचं की नाही.

तिसऱ्या रिंगणाशी होतो. आबा माळावरून आले. कॅम्पाची गुरं तिथं चरतात, तिथलं शेण गोळा करायला ते दोन दिवसांपासून जातात, मला माहीत होतं. डोक्यावर टोपली, कोपरापर्यंत शेण, अंगात बंडी, पायात काही नाही. मी खेळतोय हे पाहून थांबले. दहा हातांवर. चेहऱ्यावर असा काही आनंद, शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखा.

साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, "माझा माणूस, साहेब."

बस, एवढंच. आमच्याकडे आपल्या रक्ताच्या माणसाला असंच म्हणतात. मन्हा माणूस शे. परक्याला कुणी म्हणणार नाही. खोटं म्हणावं तर खोटं नाही. पण साहेबांचं मराठी पुस्तकातलं, त्यात माणूस म्हणजे नोकर, गडी. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो शब्द निवडला. दोन्हीकडून चालणारा. 'वडील' हा शब्द तोंडात आला होता, मी तो मागं सारला आणि हा पुढं केला. तेवढा वेळ माझ्याकडे होता.

साहेब म्हणाले, "अच्छा. चांगला आहे. किती म्हातारा, तरी ताठ."

आबांनी साहेबांना रामराम केला आणि टोपली घेऊन गेले. ऐकलं का? दहा हात. आबांचे कान चांगले आहेत.

सोम., ता. २१ मार्च

घरी काही नाही. आबा नेहमीसारखे. भरीत आवडलं म्हणाले. ऐकलं नसावं.

उद्या साहेबांना सांगेन. सहज बोलता बोलता. साहेब, रविवारी जे आले होते ना, ते माझे वडील. एका वाक्याचं काम.

बुध., ता. २३ मार्च

सांगितलं नाही. उलटच झालं.

साहेबांची वाळू वाऱ्यानं उडते, चेंडू वाकडा जातो. म्हणाले, "तुमचा माणूस मातीतला जाणकार दिसतो. सुपडू सांगत होता. त्याला चार दिवस इकडे पाठवाल का?"

सुपडूनं काय सांगितलं आणि काय नाही, देव जाणे. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

हीच वेळ होती. म्हटलं, "पाठवतो, साहेब."

घरी आबांना सांगितलं. साहेबांना जरा मदत हवी आहे, असं काहीबाही. आबा खूश. "खळं करानं शे ना? त्यामां काय."

शनि., ता. २६ मार्च

आबांनी तिसऱ्या रिंगणातली वाळू काढून टाकली. तिथं खळ्यासारखी जमीन केली. पाणी मारून, चोपून, भुसा घातलेल्या शेणानं सारवून. वाळल्यावर वरून हलकी चाळलेली वाळू. साहेबांनी चेंडू ढकलला, तो अगदी सुतात गेला आणि खड्ड्यात पडला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीची चारही रिंगणं तशीच करा म्हणाले.

आबा गुडघ्यांवर बसून सारवत होते आणि मी त्यांच्या अंगावरून पाऊल टाकून पलीकडे गेलो, काठी घेऊन. जागा तेवढीच वाटली, दुसरीकडून जाता आलं असतं हे नंतर लक्षात आलं.

कंबर तेरा आणे.

शुक्र., ता. १ एप्रिल

पाडवा. गुढीला आबांनी परसातली पहिली मेथी आणि कडुलिंब. वर्षाच्या पहिल्या दिवशी सांगून टाकू असं ठरवून साहेबांकडे गेलो. साहेबांनी माझं नाव अव्वल कारकुनासाठी वर पाठवलंय हे आजच सांगितलं. "तुमच्यासारखे चांगल्या घरचे लोक पुढे आले पाहिजेत."

चांगल्या घरचे. आता कसं सांगू? पेढे घेऊन घरी आलो. आबांनी पेढा देवापुढं ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शेणाचा वास येत होता, पाचव्या रिंगणाचा. मी मान खाली घातली. पाया पडतोय असं त्यांना वाटलं.

गुरु., ता. ७ एप्रिल

आज हसण्यासारखं एक. मोहाची फुलं गळायला लागली. माळाच्या कडेला मोठा मोह आहे, पहाटे डोंगराकडच्या बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात. साहेबांचा चेंडू तिथं पडला आणि गडप. मी, साहेब, सुपडू, तिघं वाकून शोधतोय, सगळीकडे पांढरट गोल फुलंच फुलं. शेवटी एका म्हातारीनं आपल्या टोपलीत हात घालून चेंडू काढून दिला. फुलाबरोबर तिनं तो वेचला होता आणि एवढं टणक मोहाचं फूल पाहून बाजूला ठेवला होता. साहेब हसून हसून खाली बसले.

घरी सांगितलं. सौ. आणि सुमती पोट धरून हसल्या. आबा हसले, पण थोडं. म्हणाले, "येचनारी बाईले साहेबनी काय म्हनं?" म्हटलं, आभार मानले. "मंग चांगला शे तो," म्हणाले आणि वेलाला बांधायची दोरी वळत बसले.

शनि., ता. १६ एप्रिल

ऊन वाढलं. खेळ फक्त पहाटे. गिलकी लागली, रोज दोनतीन. शेजारी वाटली. कंबर पंधरा आणे, चार दिवस झाले.

उठताना आता कंबरेची आठवण होत नाही. तिची जागा दुसऱ्याच गोष्टीनं घेतली आहे.

सौ.ने विचारलं, काय झालंय तुम्हाला. काही नाही म्हटलं. म्हणाली, "साहेबले मामाजीसनी वळख दिन्ही का?" मी म्हटलं, आबांची ओळख द्यायची वेळ अजून आली नाही. ती दिवा पुसत राहिली. हिला माहीत आहे. विहीर आहेच.

रवि., ता. २४ एप्रिल

कंबर सोळा आणे. आज पहिल्यांदा पूर्ण भरली. लिहायला लाज वाटते.

पाचही खड्डे साहेबांच्या बरोबरीनं संपवले. साहेब इतके खूश की रिंगणावर पाणी शिंपडत असलेल्या आबांजवळ स्वतः गेले. मी मागं.

साहेब आपल्या मराठीत: "बाबा, तुमचे मालक फार चांगले खेळतात."

आबांनी हातातला डबा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी काठीच्या टोकाची माती खरवडत होतो.

मग साहेबांना म्हणाले, "हो साहेब. मालक चांगला शे."

आणि डबा उचलून पुढच्या रिंगणाकडे गेले.

सावरून घेतलं मला. माझं खोटं त्यांनी पुरं केलं, मला उघडं पडू दिलं नाही. जेवलो नाही. मी हलकट आहे. दुसरा शब्द नाही.

बुध., ता. २७ एप्रिल

आबा बोलतात. पीक, पाणी, सुमतीचा अभ्यास. फक्त मला आता काही शिकवत नाहीत. आज मुद्दाम त्यांच्यासमोर कंबरेतून वाकून घमेलं उचललं. पाहिलं त्यांनी. आणि पुढचं घमेलं भरलं.

शनि., ता. ३० एप्रिल

बोलायचं म्हणून रात्री ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "आबा" म्हटलं. "हां" म्हणाले. मग मीच विचारलं, कैऱ्या कशा आहेत यंदा लोणखेड्याला. चांगल्या शेत म्हणाले.

मंगळ., ता. ३ मे

आखाजी.

अक्षय्य तृतीयेची घागर सकाळी भरली, पितरांना जेवू घातलं. सौ.ने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आमरस. सुमतीचा निंबाला झोका, शेजारच्या पोरी गाणी म्हणत. आबांनी पोटभर जेवण केलं, तीनदा रस घेतला. सणाचा दिवस बरा गेला असं मी मनात म्हणतोय तोवर ते आत गेले आणि बाहेर आले ते टिकाव खांद्यावर, विळा कमरेला, फडकं हातात घेऊन. आले होते तसेच.

"कथा निंघनात, आबा?" मी विचारलं.

"घर. आखाजी उनी. मन्हं साल भरी गयं."

आमच्याकडे सालदार आखाजीला सुटतो. ज्याच्या घरी वर्षभर राबला त्याच्याकडे सणाचं जेवायचं, आपली घोंगडी उचलायची आणि निघायचं. मालकाला तो पुन्हा हवा असेल तर मालकानं त्याच्या दारी जायचं.

सुमतीला गंमत वाटली. झोक्यावरूनच म्हणाली, "आबा, तुम्ही का सालदार शेतस?"

"मी माणूस शे ना, सुमे. तुन्हा बापना माणूस. माणूसनं साल आखाजीलेच भरस."

त्या दिवशी ऐकलं होतं तर. वीस मार्चलाच. सगळं माहीत असून पाचही रिंगणं सारवली, पेढा देवापुढं ठेवला, डोक्यावरून हात फिरवला.

सौ. दारात. तिनं पाया पडून वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "आबा, चुकलं मन्हं, थांबा." आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. ऐकला असेल तर ते थांबले नाहीत. मोटार-अड्ड्यापर्यंत मागं मागं गेलो. मोटारीत चढताना एवढंच म्हणाले, "मोगराले सांजले पानी घालानं सांगजो पोरले."

गुरु., ता. ५ मे

साहेबांना सांगितलं.

पहाटे पहिल्या रिंगणाशीच. "साहेब, तो माझा माणूस नाही. माझे वडील आहेत." सुपडूनं पिशवी खाली ठेवली.

साहेब लाल झाले. मला वाटलं, आता संपलं. पण ते स्वतःवरच चिडलेले. "तुम्ही सांगितले होते! माझा माणूस. म्हणजे आपला, घरचा. मी नोकर समजलो. माझे मराठी किती कच्चे. आणि मी त्यांच्याकडून काम करवून घेतले, त्यांना तुमचे नोकर म्हटले. तुम्हाला किती वाईट वाटले असेल, पाटील. आणि तुम्ही सभ्यपणे गप्प राहिलात."

आता तरी म्हणायचं होतं, की नाही साहेब, तुमचं मराठी बरोबर होतं. तुम्हाला तसंच समजावं म्हणून मी म्हटलं. ओठांवर आलं होतं. सुपडू माझ्याकडे बघत होता, तोही वाट बघत होता.

मी म्हटलं, "असू द्या, साहेब."

साहेबांनी माझा हात दाबला. "माझी माफी त्यांना अवश्य सांगा."

आता ही माफीही माझ्याकडेच. चूक त्यांची नाही, तरी मागितली. ज्याची आहे त्याला मागता येत नाही. आज खेळलो नाही, कंबर धरली म्हणालो. कंबर सोळा आणे आहे.

शुक्र., ता. ६ मे

पहाटे परसात एकटाच. पाट फुटला होता, बांधला. गिलक्याचा एक वेल वाळतोय, मुळाशी वाळवी असावी. आबा असते तर. सौ. मागून येऊन उभी राहिली.

"लोणखेडाले कव्हय जातस?"

रविवारी, म्हटलं.

"कोट टोपी घाली जाऊ नका," म्हणाली.

रवि., ता. ८ मे. लोणखेडा

हे आबांच्या ओट्यावर बसून लिहितोय, शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर. नंतर रोजनिशीत डकवीन.

मोटारीनं प्रकाशा, तिथं तापी पायी उतरलो, पाणी गुडघ्याला. पुढं बैलगाडी. नारळ घेतला होता. सालदाराला पुन्हा बोलवायला मालक नेतो तसा वाटेल, हे नदीत लक्षात आलं. नारळ तापीला वाहिला.

आबा घरी नव्हते. वावरात, पऱ्हाट्या उपटायला. कापूस निघाला की उरलेली ताटं मुळासकट काढायची, मेच्या उन्हात. भाऊ म्हणाला, सांगून ऐकत नाहीत. मी सदरा काढून खुंटीला लावला, डोक्याला पंचा बांधला, अनवाणी गेलो. जमीन तापलेली. पावलं ठेववत नव्हती, इतकी माझी सवय गेली आहे.

आबांनी मला येताना पाहिलं. उभे राहिले नाहीत. मी शेजारची ओळ धरली. पाय रोवले, गुडघे ढिले सोडले, पायांतून वाकलो, ताट धरलं, उपटलं. दुसरं. तिसरं. दोघांचे हात तेवढे चालू. ओळ संपेपर्यंत मी मनात जुळवत होतो. मग म्हटलं, या वेळी ऐकू जाईल असं: "आबा, साहेबनी चूक नव्हती. मी समजीसन बोलनू."

"माले माहीत शे," म्हणाले. आणि पुढची ओळ धरली.

साहेबांची माफी सांगितली नाही.

दुपार कलताना बांधावरून शेजारच्या गावचा एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. त्यानं मला ओळखलं नाही. पंचा, उघडी पाठ, माती. थांबून त्यानं आबांना विचारलं, "कोन शे हाऊ, आबा? नवा सालदार ठेवा का?"

आखाजी होऊन पाच दिवस झालेत. या दिवसांत सगळ्या वावरांत नवे सालदार लागतात, कुणीही तेच विचारील.

आबांनी कपाळाचा घाम पुसला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मन्हा माणूस शे," म्हणाले.

म्हातारा बरं म्हणून शेळ्या हाकत गेला. मी आबांच्या तोंडाकडे बघत राहिलो, पण ते वाकले होते, नुसती पाठ दिसत होती. विचारायचं धाडस झालं नाही. अजून दोन ओळी राहिल्या होत्या, त्या अंधार पडायच्या आत काढल्या.